हसण्याची नोकरी

सुई बघितली की कुणी डोळे घट्ट मिटतं, कुणी तोंड फिरवतं, कुणी मोठं होऊनसुद्धा आईला हाक मारतं. ही पोरगी हसायला लागली.

साधंसुधं नाही... खळखळून, खुर्ची हलेल इतकं! रक्त तपासणीच्या त्या दवाखान्यात भिंतीला लागून बसलेली उपाशीपोटी माणसं माना वळवून बघायला लागली. रिकाम्या पोटी एवढं हसू येतं कुठून, असं एका मावशीने तोंडाला पदर लावून शेजारणीला विचारलंसुद्धा.

रक्त काढणारा तरुण सुई धरून तसाच थांबला.

"गुदगुल्या तर मी अजून केल्या नाहीत," तो म्हणाला.

"तुम्ही... तुम्ही काढा ना रक्त. माझ्याकडे बघू नका. मला भीती वाटली की असंच होतं."

"भीती वाटली की हसता? मग हसू आलं की रडता का?"

"जास्त बोलू नका हो. सुई गंजेल."

त्याने सुई ट्रेमध्ये ठेवून दिली. खुर्ची थोडी पुढे ओढली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "हे बघा. मी सुरू करतो. नकोसं वाटलं की 'पुरे' म्हणा. मी तिथल्या तिथे थांबेन. चिडणार नाही."

"आणि मी लगेचच म्हटलं तर?"

"तर लगेचच थांबेन."

असं तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. घरात आईचं सगळं 'झालंच पाहिजे' असायचं आणि कामावर काकांचं. तिने हात पुढे केला. त्याने मनगटाच्या वर दोन बोटं टेकवली... टेकवली म्हणजे काय, पाखराच्या पाठीला लावावीत तशी. तिच्या कानाच्या पाळ्या उगाचच गरम झाल्या.

"तुमची शीर लाजाळू आहे. हाक मारली तर वर यायची नाही."

"मग काय करणार?"

"काही नाही. वाट बघणार."

ती 'किती वेळ' असं विचारणार होती, तेवढ्यात त्याने कापसाचा बोळा तिच्या कोपरात दाबला. झालंसुद्धा होतं! आणि तिच्या तोंडातून 'पुरे' काही आलं नव्हतं.

"हे हसू मी रोज ऐकतो," तो म्हणाला. आता त्याच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती. "सकाळी. रेडिओवर काकांच्या कार्यक्रमात ती हसते... तुम्हीच ना?"

"मीच!" ती मान ताठ करून म्हणाली. हे ओळखल्यावर लोक पुढे काय म्हणतात ते तिला पाठ होतं. अय्या, खरंच का, एकदा हसून दाखवा ना!

"कापूस धरून ठेवा," एवढंच तो म्हणाला आणि पुढच्या पेशंटकडे वळला.

झोंबलं हो तिला ते. कोपरात सुई टोचली त्याहून जास्त झोंबलं.

आता तिची नोकरी काय होती ते सांगायला हवं. ती हसायची नोकरी करायची. खोटं वाटेल, पण जगात लोक यापेक्षाही रिकामी कामं करून पोट भरतात. रेडिओच्या स्टुडिओत, सगळे ज्यांना काका म्हणायचे त्या कार्यक्रमवाल्या काकांच्या समोर तिची खुर्ची, खुर्चीपुढे छोटासा लाल दिवा. काका विनोद सांगायचे, शेवटच्या वाक्याला बोटाने बटण दाबायचे, दिवा लागायचा आणि ही हसायची. आधी तिथे मशीनचं हसू होतं, पण डब्यात खडे हलवावेत तसा त्याचा आवाज यायचा. ही आली आणि घराघरांतली माणसं हातातली कामं सोडून ऐकायला लागली. तिचं खरं नाव कुणी घेईना. हसरी म्हणूनच तिला सगळं शहर ओळखायला लागलं.

"तू हसलीस की लोकांना कळतं, इथे हसायला हरकत नाही," काका म्हणायचे. माणूस गोड होता. डोक्यावर हात ठेवल्याशिवाय बोलायचा नाही.

काकांचे विनोद बहुतेक पलीकडच्यांवर. पलीकडचे म्हणजे नदीच्या पुलापलीकडे राहणारे. त्यांचे आजे-पणजे कधीतरी कामधंद्याला म्हणून दुसरीकडून येऊन तिथे राहिलेले. पलीकडच्याला विचारलं, हा पूल कशासाठी बांधला? तो म्हणाला, खालून नदी जावी म्हणून! लाल दिवा... आणि हसरीचं हसू. पलीकडचा म्हणजे बावळट, हे शहरात शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. त्यातला एक तरी भेटलाय का, असं विचारलं तर निम्म्यांनी नाही म्हटलं असतं. हसरी स्वतः कधी पुलावर गेली नव्हती.

रिपोर्ट आणायला धाकट्या भावाला पाठवता आलं असतं. तिने नाही पाठवलं. केस दोनदा विंचरले आणि स्वतः गेली. तो मागच्या दाराला चहाचा कप घेऊन उभा होता.

"कशी आहे शीर?" त्याने विचारलं.

"लाजतेय अजून."

"आणि शीरवाली?"

"तिला लाज नाही, असं आमची आई म्हणते." मग तिने धीर करून विचारलंच, "तुम्ही कुठे राहता?"

तो कपात बघत राहिला. "पलीकडे."

आणि काय सांगावं... ती हसली. तोंडावर हात दाबला तरी बोटांच्या फटीतून हसू सांडलं. तिचं तिलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हे भीतीचं, की एखादा विनोद आठवला?"

"दोन्ही," ती खाली मान घालून म्हणाली.

खोटं बोलली असती तर तो तिथूनच आत गेला असता. पण ती खरं बोलली, म्हणून त्याने चहा संपवायला वेळ लावला.

"तुम्ही ऐकता तरी कशाला तो कार्यक्रम?"

"मी कुठे ऐकतो? पेशंटच्या खोलीत तो लावलेलाच असतो. मी सुई धरलेली असते. काका म्हणतात, 'पलीकडचा एक जण होता...' आणि माझ्या समोरचा माणूस हसतो. हसला की त्याचा हात हलतो. मी तेवढा वेळ थांबतो, एवढंच."

त्या रात्री तिला झोप लागली नाही. एवढी वर्षं आपण हसतोय, आणि तिकडे कुणीतरी सुई वर धरून थांबलंय...

मग भेटी व्हायला लागल्या. संध्याकाळी पुलावर, नदीतून धुकं वर यायचं त्या वेळी. तो त्या बाजूने यायचा, ती या बाजूने, आणि मध्यावर कठड्याला टेकून दोघं उभी राहायची. पुढे ती जायची नाही, तोही आग्रह करायचा नाही. कुणी सायकलवरून गेलं की ती तोंड नदीकडे वळवायची. भीती तर होतीच. पण भीतीच्या पोटातच काहीतरी गोड बसलेलं होतं. त्याच्या कोटाच्या बाहीचा स्पिरिटचा वास तिला घरी भांडी घासतानाही यायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

"तू माझा हात सारखा सारखा का बघतोस रे?"

"सवय. शिरा बघतो."

"आणि माणूस?"

"माणूस बघायला धीर लागतो. तो गोळा करतोय."

प्रेमात पडलेल्या माणसाच्या पोटात काही राहत नाही. हिच्याही राहिलं नाही. कार्यक्रम संपल्यावर काकांनी चहा ओतता ओतता विचारलं, "पोरी, हल्ली हरवलेली असतेस. कोण आहे गं तो?" आणि हिने सांगून टाकलं. तो रक्त काढतो. घाबरलेल्याला सांगतो, पुरे म्हणा, मी थांबेन. "आणि काका, तो पलीकडचा आहे बरं का! म्हणजे सगळे काही तसे नसतात."

कौतुकानेच सांगितलं तिने. काकांनी डोक्यावर हात ठेवला. "गोड आहे गं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी माइक पुढे ओढला.

"पलीकडचा एक सुईवाला होता. बाईचं रक्त काढायला बसला. एक बाटली भरली. दुसरी भरली. बाई ओरडली, अहो पुरे! तर हा म्हणतो, बरं झालं बाई बोललात. आम्हाला मोजता येत नाही, तुम्ही पुरे म्हणायचीच वाट बघत होतो!"

लाल दिवा लागला. आणि ती हसली.

हसली बरं का. पायाखालची जमीन सरकली तरी हसली. दिवा लागला की हसायचं, एवढंच त्या गळ्याला माहीत होतं. आणि घाबरल्यामुळे आज ते हसू नेहमीपेक्षा जास्त लांबलं, जास्त खरं वाटलं. काकांनी टेबलापलीकडून अंगठा वर केला.

तो विनोद एका दिवसात सगळ्यांच्या मोबाइलवर गेला. शिंप्याच्या दुकानात, शाळेच्या फाटकात, न्हाव्याच्या खुर्चीत जो तो सांगायला लागला. आईनेही तो तिलाच जेवताना सांगितला. सांगता सांगता तो वाढला. आधी सुईवाल्याला मोजता येत नव्हतं. मग तो मुद्दाम मोजत नव्हता. मग कुणीतरी डोळा मारून विचारलं, ती दुसरी बाटली जाते कुठे? मग कुणीतरी म्हणालं, पलीकडे विकतात म्हणे! खरं आहे असं कुणी म्हणत नव्हतं हां. सगळे गमतीत म्हणत होते. पण दवाखान्यात त्याच्यासमोर बसलेल्या बाया पोरांना मांडीवर ओढून घ्यायला लागल्या आणि "दुसरं कुणी नाही का?" असं विचारायला लागल्या. गमतीतच.

पुलावर ती त्याच्यासमोर उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा कोमेजलेला होता.

"मी सांगितलं त्यांना. माझ्याच तोंडाने. तुला राग आला?"

"राग आला असता तर बरं झालं असतं. मला भीती वाटली." तो पुलाच्या दोन्ही टोकांकडे बघून घेत होता. हल्ली तसंच बघायचा. "काल दोघं जण घरापर्यंत मागे आले. काही केलं नाही. नुसते हसत होते."

"काकांचा विनोद आहे तो. मी तर फक्त..."

"नुसत्या विनोदाला कोण दारात उभं करतं गं? त्याच्या मागून तुझं हसू येतं ना, म्हणून त्याला घरात घेतात."

तिने काकांना विनवलं. "काका, तो बाटलीचा नको ना आता."

"अगं वेडे, गंमत आहे! तुझ्याने आता विनोदही सोसवेना का?"

हसरीला विनोद कळत नाही... तिच्या जगात याहून मोठी शिवी नव्हती. नोकरी सोडावी तर घर तिच्यावर चाललेलं. आणि खरं सांगायचं तर, तो लाल दिवा विझला की आपण कोण उरू, याचीही तिला धास्ती होती. ती खुर्चीत बसत राहिली. हसत राहिली. घरी येऊन उशीत तोंड खुपसत राहिली.

मग तो फोन आला. कार्यक्रमात लोकांचे फोन घ्यायचे, ते थेट ऐकू जायचे. एक माणूस हसत हसत बोलला, "काका, कालपासून आमच्या बाबांना चक्कर येतेय. परवाच त्या पलीकडच्याने रक्त काढलं. आज आम्ही चौघं जण निघालोय, आमची दुसरी बाटली परत आणायला!"

काका फसकन हसले. बोट बटणावर पडलं. लाल दिवा.

तिच्या पोटातून भीतीचा गोळा उठला आणि वर येता येता त्याचं हसू झालं. सगळ्या शहराने ऐकलं. दवाखान्यातल्या त्या खोलीत तर नक्कीच ऐकलं, कारण तिथे रेडिओ लावलेलाच असतो.

तिने कानावरचे हेडफोन काढून टेबलावर टाकले. "अगं, कार्यक्रम चालू आहे!" काका हातवारे करत होते. ती जिना उतरलीसुद्धा.

दवाखान्याचं दार ढकलून ती आत शिरली तेव्हा चौघं आधीच तिथे होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसू होतं. तेच भयंकर होतं. एकाने आतून कडी घातली, तीही खेळातल्यासारखी. डॉक्टरीणबाई फोन कानाला लावून आतल्या खोलीच्या बंद दारासमोर उभ्या होत्या, आणि त्या दारामागे तो होता हे तिला न सांगता कळलं. बाकावरची माणसं भिंतीला चिकटली होती. काहींच्या ओठांवरही तसलंच हसू, आपण यांच्यातलेच आहोत हे दाखवायला आणलेलं.

"मारायला नाही आलो बाई, बाटली द्या, निघतो," रेडिओवर बोललेला तो फोनवाला म्हणत होता. त्याने हातातली काठी दारावर हळूच वाजवली. ठक. ठक.

"अरे, ही बघ कोण! हसरी!" दुसरा ओरडला. त्याने तिला फोटोवरून ओळखलं होतं. "वा! आता मजा. सांग रे हिला बाटलीचा. बाई, एकदा समोर हसून दाखवा!"

फोनवाल्याने तो सांगितला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, काकांच्या आवाजात. आणि सगळे तिच्याकडे बघायला लागले.

हसू वर येत होतं. पोटातून छातीत, छातीतून गळ्यात. हसलं तर कदाचित खेळीमेळीत मिटेल, ही माणसं टाळ्या देऊन निघून जातील... पण दारापलीकडे तो ऐकत होता. तिने जीभ दातांखाली दाबली. तोंडात खारट चव आली.

ती हसली नाही.

"कळला नाही वाटतं," फोनवाला म्हणाला.

"नाही कळला." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "समजावून सांगा."

"अहो... त्याला मोजता येत नाही ना."

"तुमच्या बाबांचं रक्त काढलं, तेव्हा तुम्ही होतात बरोबर?"

"होतो की."

"किती नळ्या काढल्या?"

"...एक."

"मग मोजता येतं की त्याला."

बाकावर कुणीतरी खाकरलं. फोनवाल्याने इकडेतिकडे बघितलं. "ते नाही हो. दुसरी बाटली..."

"कुठली दुसरी?"

"ती... ती विनोदातली."

"मग ती न्यायला इथे कशाला आलात?"

रेडिओवर काका एकटेच काहीतरी बोलत होते, ते आता सगळ्यांना ऐकू यायला लागलं. काठी अजून त्याच्या हातात होती आणि त्याचं हसू ओठांवरून उतरत चाललं होतं. उतरल्यावर खाली काय निघेल, कुणी सांगावं...

"ए बाबांनो," बाकावरची एक लठ्ठ मावशी कावून म्हणाली, "तुमचं संपलं असेल तर त्या पोराला बाहेर सोडा. कालपासून पोटात अन्न नाही माझ्या. मला त्याच्याकडूनच काढायचंय. दुसरा आहे तो खाटीक आहे मेला!"

कुणीतरी खुसकन हसलं. या वेळी हसू चौघांच्या बाजूने नव्हतं. एकाने कडी काढली. फोनवाला सगळ्यांत शेवटी गेला. जाताना तिच्याजवळ थांबून म्हणाला, "पूल एकच आहे, बाई. लक्षात ठेव."

आतलं दार उघडलं. तो पांढराफटक पडला होता. आधी त्याने मावशीचं रक्त काढलं, हात स्थिर होईपर्यंत थांबून. मग तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"मघाशी त्या फोनला तू हसलीस."

"हसले. भीतीने."

"मला माहीत आहे." त्याने खोल श्वास घेतला. "ऐकणाऱ्यांना माहीत नव्हतं."

"म्हणून आले."

एवढंच बोलणं झालं. डोळ्यांत पाणी दोघांच्याही होतं.

ती पुन्हा रेडिओवर गेली नाही. काकांनी जुनं मशीन बाहेर काढलं. लोकांनी थोडे दिवस कुरकुर केली आणि मग त्या डब्यातल्या खड्यांवरही हसायला शिकले. बाटलीचा विनोद अजून अधूनमधून कुणी सांगतं. तिने शिवणाच्या कारखान्यात काम धरलं. आईने पंधरा दिवस अबोला धरला आणि सोळाव्या दिवशी, "तो मुलगा दिसायला बरा आहे का तरी?" असं भिंतीकडे तोंड करून विचारलं.

त्याच्या आईला भेटायला दोघं निघाली त्या दिवशी पुलावर वारा होता. मध्यावर तिचे पाय आपोआप थांबले.

"काय झालं?"

"तुमच्याकडे... आमच्यावर विनोद आहेत?"

तो नदीकडे बघायला लागला.

"खरं सांग."

"आहेत."

"एक सांग."

"अलीकडची बाई दाराला बाहेरून कुलूप लावून तिथेच उभी राहते. का, तर आत चोर शिरत नाही ना ते बघायला."

अलीकडच्यांचं नाव त्या सुरात घेतलेलं तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं. असं असतं होय हे...

"आईकडे तर साठा आहे," तो चाचरत म्हणाला. "मनाने वाईट नाही गं ती. पण तू चहाला टेकलीस की एखादा सांगेलच. मावशी आहे, शेजारणी येणार आहेत तुला बघायला. सगळ्या हसतील. आमच्या घरात आईच्या विनोदाला आजवर कुणी हसलं नाही, असं झालेलं नाही."

"तुला भीती वाटतेय?"

"खूप. त्या काठीची वाटली नव्हती एवढी."

मागून दोघं जण सायकली हातात धरून चालत आले, यांच्याकडे बघत बघत पुढे गेले. ती कठडा धरून उभी राहिली. समोर पलीकडची घरं, त्यांच्या खिडक्या, वाळत घातलेले कपडे. कुठूनतरी बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता.

"आणि तू?" तिने विचारलं. "त्या सगळ्या हसतील, तेव्हा तू काय करशील?"

त्याने तिचं मनगट हातात घेतलं. शीर बघायला नाही. या वेळी तो सरळ तिच्या तोंडाकडे बघत होता.

"मी हसणार नाही," तो म्हणाला.